समुद्राच्या तळाशी रुसलेला जावई

दूर समुद्रात, जिथे जायचं तर कावळासुद्धा आधी बायकोला विचारून निघतो, अशा एका बेटावर एक जावई राहायला आला. पाहुणा म्हणून नाही, कायमचा.

त्या बेटाची चालच तशी होती. पाण्याखालचे कालवांचे, म्हणजे खायच्या शिंपल्यांचे, खडक आईकडून मुलीकडे जायचे, म्हणून लग्न झालं की नवरा आपली पेटी उचलून बायकोच्या घरी यायचा. आला की बुडी मारायला शिकायचा आणि त्या खडकांवरची कालवं काढून आणायचा. घरात सासू, मेहुणा आणि बायको, एवढीच माणसं. खाणंपिणं भरपूर. दुसऱ्या कोणाचं भलं झालं असतं. पण आपला जावई पडला किनाऱ्यावरच्या मोठ्या गावचा.

त्या मोठ्या गावात जावयाचे लाड म्हणजे काय विचारता! तिथली रीत अशी, की जावयाने "नको" म्हणायचं आणि सासूने वाढायचं. त्याने ताटावर आडवा हात धरायचा, तिने बोटांच्या फटीतून वाढायचं. आणि फारच काही हवं असेल तर जावयाने रुसायचं. तोंड फिरवून गप्प बसायचं. मग सगळं घर त्याच्याभोवती गोळा होऊन विचारणार, काय हवं, काय हवं. हे शिक्षण आपल्या जावयाचं अगदी पूर्ण झालं होतं. बाकी शाळेत काय दिवे लावले ते विचारू नका.

लग्नातच तो एकदा रुसून बसला होता. अंगठी हवी होती. बेटावरच्या माणसांना वाटलं, याचं पोट दुखतंय. त्यांनी ओवा आणून दिला.

तेव्हाच त्याने शहाणं व्हायला हवं होतं. पण शहाणा झाला असता तर गोष्ट कुठून आली असती?

पहिल्या दिवशी सासूने भात वाढला, माशाची आमटी वाढली आणि विचारलं, "जावईबापू, आणखी?"

"नको, नको," जावई लाजून म्हणाला आणि ताटावर हात धरला. मात्र बोटांत चांगली फट ठेवली.

"बरं," म्हणत सासूने पातेलं उचललं आणि मेहुण्याच्या ताटात उपडं केलं.

जावई बघतच राहिला. त्याला वाटलं, आज विसरल्या असतील. दुसऱ्या दिवशीही तेच. रोज तेच! हा "नको" म्हणायचा, त्या "बरं" म्हणायच्या आणि मेहुणा ढेकर द्यायचा. जावयाचं धोतर कमरेवरून घसरायला लागलं.

मग त्याने बायकोसमोर उसासे टाकायला सुरुवात केली. एक दिवस इतका मोठा उसासा टाकला की दिवाच विझला.

बायकोने दिवा लावत विचारलं, "अहो, काय झालं?"

"काही नाही."

"बरं," म्हणाली आणि कूस बदलून झोपून गेली.

आता यात चूक कोणाची? हसताय काय, तुमच्या घरात "काही नाही"चा अर्थ काय होतो ते मला ठाऊक आहे. पण त्या बेटावर "काही नाही" म्हणजे काही नाही. तिथल्या माणसांना हे असं का झालं होतं, ते बुडीचं ऐकलंत की कळेल.

बुडी मारायची ती अशी. कमरेला एक लांब दोर बांधायचा. हातात धोंडा धरून होडीतून उतरायचं, म्हणजे वजनाने माणूस सरळ तळाला जातो. तिथे कालवं काढायची, पिशवीत भरायची आणि दम संपत आला की दोराला एक हिसका द्यायचा. वरचा माणूस लगेच ओढून घेतो. जावयाचा दोर बायकोच्या भावानेच धरायचा, असा बेटाचा नियम. कारण दोर हातातून सुटला तर बहीण जन्मभर याच्याच डोक्यावर बसणार, म्हणून तो जिवापाड धरून ठेवतो.

आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे, हिसका आल्याशिवाय ओढायचं नाही.

"का नाही?" जावयाने विचारलं.

मेहुण्याने केस मागे सारले. कपाळावर ही एवढी खोक होती. "दाजी, ही तुमच्या बायकोची कृपा. लहानपणी तिने माझा दोर धरला होता. मला उशीर झाला असं तिला वाटलं आणि तिने मायेने ओढला. मी तेव्हा कपारीत डोकं घालून कालव काढत होतो. मायेपायी डोकं फुटलं! खालच्याला काय हवं ते वरच्याला दिसत नाही. खालच्याने सांगायचं, वरच्याने ऐकायचं. संपलं."

जावयाने मान डोलावली. मान डोलवायला त्याला फार छान यायचं.

पहिल्यांदा तो उतरला तो धोंडा न घेताच, आणि भोपळ्यासारखा तरंगत राहिला. मग धोंडा घेतला, पण नाक धरायला विसरला. मग नाक धरलं, तर त्याच हाताने, आणि धोंडा पडला मेहुण्याच्या पायावर. मेहुणा एका पायावर नाचत जे बोलला ते पोरांच्या गोष्टीत लिहीत नाहीत. तरी हळूहळू जावई शिकला. तळाला जाऊ लागला, कालवं आणू लागला. पण हिसका काही देईना. दम संपला की आपलाआपण दोर धरून, पाय झाडत, निळाजांभळा होऊन वर यायचा आणि होडीच्या काठाला लोंबकळत मेहुण्याकडे रागाने बघायचा.

"दाजी, हिसका का नाही दिलात?"

"तुला कळायला नको?"

"मला कसं कळणार? मला वरून पाणी दिसतं. नुसतं पाणी!"

"आमच्या गावी न सांगता कळतं," जावई म्हणायचा.

"मग तुमच्या गावच्या विहिरीत मारा बुड्या!" मेहुणा ओरडायचा. घरी येऊन आईला सांगायचा, "आई, हा माणूस आहे की उखाणा?" सासूही कपाळाला हात लावायची. "काय करू रे, विचारलं तर नको म्हणतात आणि मग पातेल्याकडे असे बघतात, जसं काही मीच ते चोरून आणलंय."

शेवटी जावई कंटाळला. किनाऱ्याकडून मिठाची होडी उद्या सकाळी येणार होती. तिच्यातून आपल्या गावी कायमचं निघून जायचं, असं त्याने ठरवलं. म्हणजे खरं तर जायचं नव्हतंच. बायको त्याला आवडायची. समुद्राचा तळही आवडायला लागला होता. मेहुणासुद्धा, ढेकर सोडून, बरा वाटायचा. त्याला फक्त कोणीतरी "जाऊ नका" म्हणायला हवं होतं. म्हणून त्याने सगळ्यांसमोर ओसरीवर पेटी मांडली आणि धाडधाड आवाज करत भरायला घेतली.

बायको म्हणाली, "अहो, कुठे निघालात?"

"जातोय उद्या. कायमचा."

बायकोने पेटीवर हात ठेवला. "तुम्हाला जायचंय?"

आता इथे "नाही" एवढंच म्हणायचं होतं. पण तो म्हणाला, "माझं काय, मी कुठेही राहीन."

ती उठून आत गेली. सासू पेटीकडे बघून म्हणाली, "दोरीने बांधा हो, कडी सैल आहे तिची."

असा जावई आणि अशी सासू! देवानेही वर बसून डोकं धरलं असेल.

पेटी बांधून झाली तशी मेहुण्याने हाक मारली, "दाजी, जायचंय तर उद्या. आज भरती उतरलीय, कालवं काढायला चला." निघण्याआधी जावई न्याहारीला बसला. त्याच्या आवडीचा तळलेला मासा होता. सासूने एक तुकडा वाढला. कढईत एकच उरला होता, चांगला पोटाचा, खरपूस.

"आणखी?"

जावयाच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. पण जन्माची सवय! "नको," तो म्हणाला.

तो तुकडा मांजराला गेला.

बस्स! जावयाचं डोकं फिरलं. होडीत तो कोणाशी बोलला नाही. बायकोही कालवं फोडायला बरोबर आली होती, तिच्याकडेही पाहिलं नाही. पिशवी कमरेला बांधली, धोंडा घेतला आणि धप्पकन उतरला.

तळाला गेला आणि काय केलं असेल? कालवं काढली? छे! धोंडा मांडीवर घेतला, तोंड फिरवलं आणि तिथेच रुसून बसला.

हो, समुद्राच्या तळाशी. आता येऊ दे सगळ्यांना समजूत काढायला, असं म्हणत.

एक मासा आला, बघून गेला. मग एक खेकडा आला. त्याने जरा निरखून पाहिलं, आपले डोळे आत ओढून घेतले आणि तिरका तिरका निघून गेला. समजूत काढायला कोणी येईना.

वर होडीत बायकोच्या हातातलं कालव तसंच राहिलं. "दादा, उशीर झाला रे. ओढ ना!"

"हिसका नाही."

"अरे पण..."

"तू मागे ओढलंस त्याचं काय झालं?" मेहुण्याने कपाळ पुढे केलं.  पण दोर त्याने हाताला दोनदा गुंडाळला होता आणि होडीच्या काठावर इतका वाकला होता, की नाक पाण्याला लागत होतं. "दाजी, द्या हो हिसका," तो पाण्याला सांगत होता. "एकच द्या. लहानसा द्या!"

खाली जावयाची छाती जळायला लागली. दम संपला. रुसवा पुरे, म्हणून त्याने धोंडा सोडला आणि वर निघाला, तर कमरेला गचका बसला. पिशवीचा बंद खडकाच्या कपारीत अडकला होता. त्याने ओढून पाहिलं. निघेना.

हात दोराकडे गेला, आणि बघा माणसाची जात, तिथेही थांबला! आपण होऊन हिसका द्यायचा? मग जावयाचा मान काय राहिला?

डोळ्यांपुढे काळं चांदणं नाचायला लागलं. त्या काळोखात त्याला बायको दिसली. ती विचारत होती, "अहो, काय झालं?" आणि तो बुडता बुडता म्हणत होता, "काही नाही." आणि ती म्हणत होती, "बरं."

तेव्हा कुठे त्याला भीती वाटली. वर दोर धरलेला आहे, माणसं बसलेली आहेत, फक्त आपण सांगितलेलं नाही!

मग त्याने दिला हिसका. आजवर राहिलेले सगळे हिसके एकदम दिले. वर मेहुणा होडीतून उडाला आणि डोक्यावर समुद्रात पडला. पण हाताला गुंडाळलेला दोर काही सुटला नाही. बायकोने झेप घालून तोच दोर धरला. होडीच्या फळीला पाय रोवले आणि जोर लावला. इकडे तिने, पाण्यातून मेहुण्याने. खाली पिशवीचा बंद तुटला आणि जावई बुचासारखा वर आला.

होडीत पालथा पडून तो खोकत राहिला. पोटातला अर्धा समुद्र बाहेर आला. बायको रडत होती आणि रडता रडता त्याच्या पाठीत गुद्दे घालत होती. "अहो, दोर काय पूजेला बांधला होता? सांगता येत नाही तोंडाने? हाताने तरी सांगायचं!"

मेहुणा निथळत वर चढला. "दाजी, एक हिसका म्हणजे एक हिसका. म्हैस ओढायची नव्हती."

जावयाने मान वर केली आणि त्या बेटावर आल्यापासून पहिल्यांदा मनातलं बोलला.

"मला भूक लागलीय."

"कधीपासून?" बायकोने विचारलं.

"लग्न झाल्यापासून."



संध्याकाळी पानं मांडली. सासूने सगळ्यांना वाढलं. जावयाने भराभरा खाल्लं, ताट पुढे केलं आणि डोळे मिटून, जणू पुन्हा बुडीच मारतोय असा, म्हणाला, "आई, अजून वाढा."

सासूने पातेल्यात डोकावलं. "संपलं की! मेल्या, एवढे दिवस तोंडाला कुलूप होतं का? आधी बोलायचं." पण एवढं बोलून ती उठली आणि त्याचं ताट हातात घेतलं. आपल्या ताटातला मासा त्यात ठेवला. बायकोने आपला भात ओतला. मेहुण्याने जरा विचार केला, मग डोळे मिटून आपला मोठा तुकडा दिला. ताट शीग लागून भरलं.

"आणखी?" सासूने विचारलं.

"पुरे," जावई म्हणाला. यावेळी खरंच पुरे होतं.

सकाळी मिठाची होडी आली. होडीवाला ओरडला, "कोण येणार आहे का?"

सासू म्हणाली, "जावईबापू, पेटी बांधलेली आहे तुमची."

जावई पेटीवर बसला. "कोणी थांबा म्हटलं नाही मला."

बायको दारात उभी होती. काही बोलली नाही, कारण जायचं की राहायचं हे खालच्यानेच सांगायचं असतं.

जावयाने एकदा होडीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग म्हणाला, "मला इथंच राहायचंय."

"मग राहा की!" सासू वैतागून म्हणाली. "एवढ्यासाठी चांगली दोरी वाया घालवलीत."

बायको मात्र तिथेच खाली बसली आणि पेटीची गाठ सोडायला लागली. पण बांधताना जावयाने रागारागात गाठ इतकी घट्ट मारली होती, की ती शेवटी मेहुण्याला दाताने सोडवावी लागली.

पुढे जावई उत्तम पाणबुड्या झाला. आणि मागायची अशी सवय लागली, की दिवसभर त्याचं चालायचंच: "आई, मीठ. आई, पाणी. अगं, पाठ खाजव." सासू कपाळाला हात लावून म्हणायची, "याला कोणी पुन्हा मुका करा रे!" पण वाढायची.

तात्पर्य: घरची माणसं दोर घट्ट धरून बसलेली असतात, पण हिसका ज्याचा त्यानेच द्यायचा असतो. तळाला जाऊन रुसलात, तर बघायला फक्त खेकडे येतात.