खळग्यांची पाटी

मुलांनो, दोन डोंगरांच्या बेचक्यात एक दाट जंगल होते, आणि त्या जंगलातल्या नदीकाठी एक तरुण टिटवी नुकतीच परत राहायला आली होती. लहानपणीच ती दूरच्या एका सरोवरावर शिकायला गेली होती. तिथे तिने पुष्कळ पाहिले, पुष्कळ ऐकले आणि परतताना मनाशी ठरवले की, आपण जे शिकलो ते आपल्या जंगलाच्या उपयोगी पडलेच पाहिजे.

या जंगलात एक चांगली रीत होती. ज्याचे घर जमिनीवर, त्याने पाणवठ्याच्या वाटेवर आपली मातीची पाटी लावायची. घर कोणाचे, जागा कोणती आणि आत अंडी आहेत की पिले, एवढ्या खुणा तिच्यावर असत. संध्याकाळी गव्यांचा कळप पाण्यावर येई. म्होरक्या गवा अंगाने टेकडीएवढा, पण मनाने मऊ. तो पुढे होऊन एकेक पाटी वाची आणि कळपाला घरट्यांच्या बाजूने नेई.

पाटी करण्याचा साचा उंबराच्या ढोलीतल्या भांडारात असे. भांडार सगळ्यांचे, आणि ते सांभाळी म्हातारे कासव. साच्यात माती भरायची, खुणा उमटवायच्या आणि पाटी कातळावर उन्हात तापू द्यायची. एकदा कडक झाली की ती बदलत नसे. सशाला आणि साळिंदराला हे छान सोयीचे होते, कारण त्यांची बिळे काही जागची हलत नसत.

टिटवीचे तसे नव्हते. तिची पिले अंड्यातून बाहेर पडताच चालू लागतात. आज उंचवट्यावर, तर उद्या खालच्या खडीत. भीती वाटली की जमिनीला चिकटून निपचित पडतात, आणि मग खडा कोणता नि पिलू कोणते हे त्यांच्या आईलाही पटकन ओळखू येत नाही. मागच्या हंगामात टिटवीच्या थोरल्या बहिणीची पिले अशीच खडीत उतरली. बहिणीने धावपळ करून नवी पाटी केली, पण ती कातळावर वाळते आहे तोवर कळप आला. जुन्या पाटीवर जागा उंचवट्याची होती. गवा उंचवटा चुकवून खडीतून गेला. त्यानंतर बहीण हे जंगल सोडून गेली, आणि गवा कितीतरी दिवस मान खाली घालूनच पाण्यावर येत राहिला.

आता टिटवीने स्वतःच उंचवट्यावर अंडी घातली होती.

ती उंबराखाली गेली. "कासवआजोबा, मला भांडारात एक नवा साचा ठेवायचा आहे. सरोवरावर असतो तसा. या पाटीला खळगे असतात. कोणता खळगा कशाचा, ती खूण पक्की, पण खळग्यात काय ठेवायचं ते आपल्या हातात. पिलं उंचवट्यावर असली तर शिंपला ठेवायचा. खडीत उतरली की शिंपला काढून खडा ठेवायचा. माती वाळायची वाट बघायलाच नको!"

कासवाने मान थोडी बाहेर काढली. "छान आहे गं पोरी. मग कर की तुझ्यापुरती. भांडारात कशाला?"

"आपापल्यापुरतं सगळ्यांनीच केलंय, आजोबा. उंदीर शेंगांची टरफलं मांडतो, बुलबुल पिसं खोचतो, रानकोंबडी पायाने रेघोट्या ओढते. गवाकाकांनी कोणाकोणाचं वाचायचं?"

"खरं आहे," मागे उभा असलेला गवा हळूच म्हणाला. "परवा मी बुलबुलाचं पीस वाचत बसलो. मागाहून कळलं, ते नुसतंच गळून पडलेलं पीस होतं."

फांदीवरचा कावळा खो खो हसला. "बघा बघा! बाईसाहेब सरोवराचं पाणी पिऊन आल्या, आता आम्हाला चिखल कसा कालवायचा ते शिकवणार! आमच्या आजापणजांनी काय खड्ड्यात दिवस काढले?"

"काढले, आणि माझ्या बहिणीने पिलं घालवली," टिटवी म्हणाली.

कासव म्हणाले, "हे बघ, भांडारात ठेवलेला साचा मला परत काढता येत नाही. त्याच्यावर कोणाचं ना कोणाचं घर उभं राहतं. तो फुटला तर मीच सांधायचा, मी गेल्यावर माझ्या जागी येईल त्याने सांधायचा. कडक पाटी जुनी होते, पण लबाडी करत नाही. तुझ्या पाटीतला शिंपला रात्रीतून कोल्ह्याने उचलला तर?"

"मी राखण करीन," टिटवी तडफेने म्हणाली. "आजोबा, माझी अंडी आज ना उद्या फुटतील. पिलं चालायला लागतील. तेव्हा मी काय करू?"

कासवाने ढोलीत जागा करून दिली. टिटवीचा साचा भांडारात गेला.

पहिली पाटी अर्थातच तिची. तिने जागेच्या खळग्यात शिंपला ठेवला, अंड्यांच्या खळग्यात उंबराची फळे ठेवली आणि चारही बाजूंनी फिरून ती पाटी पाहिली. इतका आनंद तिला सरोवरावरही कधी झाला नव्हता.

तिच्या शेजारी, त्याच उंचवट्यावरच्या गवताच्या झुबक्यात एक लावरी अंडी उबवत होती. लावरी स्वभावाने भिडस्त. ती म्हणाली, "टिटवीताई, मलाही तुझ्यासारखी पाटी करायची होती. पण माती मळायला गेले तर अंडी गार होतील."

टिटवीचे मन भरून आले. "अगं, तू कशाला माती मळत बसतेस? आपण दोघी एकाच उंचवट्यावर. माझी पाटी ती तुझीच पाटी समज. मी गवाकाकांना सांगून येते."

गव्याला तिने तसे सांगितले. कासवानेही ऐकले आणि मान डोलावली. सगळ्यांनाच ते शेजारधर्माला धरून वाटले.

काही दिवस सुरळीत गेले. मग एके दुपारी टिटवीची अंडी फुटली. कापसाच्या बोंडांसारखी पिले बाहेर आली, अंग सुकताच तुरुतुरु चालू लागली आणि आईच्या मागोमाग खडीत उतरली. टिटवी उडतच पाटीपाशी गेली. शिंपला काढला, खडा ठेवला. फळे काढली, त्या जागी पिलांची खूण म्हणून गवताची काडी ठेवली. चोचीने दोन हालचाली, झाले! बहिणीला यासाठी किती धावावे लागले होते, ते तिला आठवले. ती पिलांकडे परतली.

संध्याकाळी कळप आला. गव्याने पाटी नीट वाचली. "टिटवी आणि लावरी दोघी खडीत आहेत. पिलं आहेत. खडी सोडा रे! उंचवटा मोकळा आहे, वरून चला."

खाली पिलांना पंखाखाली घेऊन बसलेल्या टिटवीने ते ऐकले. तिला आधी हायसे वाटले. तिची पिले वाचली होती. पण दुसऱ्याच क्षणी तिला आठवले. उंचवटा मोकळा? लावरी!

ती बाणासारखी वर झेपावली. "थांबा! गवाकाका, थांबा!" असे ओरडत तिने गव्याच्या तोंडावर पंखांचा मारा केला. गवा जागच्या जागी ताठरला. मागचा कळप एकमेकांवर आदळत थांबला. गवताच्या झुबक्यात लावरी पंख पसरून बसली होती, हललीही नव्हती. पण गव्याचा पुढचा खूर झुबक्याच्या कडेला पडून गेला होता. बाकीची अंडी धड होती. कडेचे एक अंडे फुटले होते.

त्या वेळी कोणी कोणाला रागावले नाही. गवा मागे मागे सरकत राहिला. टिटवी लावरीशेजारी उभी राहिली.

सकाळी सगळे उंबराखाली जमले. कावळ्याला आयतेच फावले होते. "मी म्हणत नव्हतो? फोडून टाका तो साचा! शिकून आलेल्यांचे लाड करा आणि अंडी फोडून घ्या!"

टिटवी मान वर न करता म्हणाली, "फोडा. माझीच चूक आहे."

"चूक काय झाली ते तरी बघू या की," कासव म्हणाले. "मी कोल्ह्याला भीत होतो. कोल्हा तिकडे फिरकलाही नाही. टिटवीने स्वतःची पाटी बदलली, आणि ती बदलण्यासाठीच होती. गव्याने लिहिलं होतं ते वाचलं. मग अंडं का फुटलं?"

तेव्हा गवताच्या झुबक्यातून, अंड्यांवरून न उठता, लावरीने हाक मारली. सगळे तिच्याभोवती जमले.

"आजोबा, मी रात्रभर विचार केला," ती म्हणाली. "कडक पाटी असती तर माझं अंडं राहिलं असतं. पण टिटवीताईची पिलं गेली असती. माझं एक वाचावं म्हणून तिची सगळी जावीत, असं मी कसं म्हणू? साचा फोडू नका. चूक खळग्यांची नाही. पाटी एक होती आणि तिच्या भरवशावर आम्ही दोघी होतो. ताईने तिचा शिंपला उचलला, तेव्हा माझाही उचलला गेला. ते ना तिच्या ध्यानात आलं, ना माझ्या."

"तुला माझा राग नाही येत?" टिटवीने विचारले.

"येतो की," लावरी म्हणाली. "पण तू माझ्यावर माया करायला गेलीस, हेही कळतं मला. आता एवढंच कर. मला माझी पाटी हवी. तू माझ्या अंड्यांवर बस, माती मी मळते."

कासवाने साचा मागवला आणि त्याच्या काठावर एक नवा खळगा कोरला, पाऊल उमटवण्यासाठी. "ज्याचं पाऊल, त्याची पाटी," ते म्हणाले. "दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही आणि दुसऱ्याने तिच्यावर विसंबायचं नाही. कोणाला तशीच पाटी हवी असेल, तर साचा इथेच आहे. आपली माती घ्यावी, आपले खडे ठेवावेत. ज्यांची घरं हलत नाहीत त्यांनी खुशाल कडक पाटी लावावी. दोन्ही साचे भांडारात राहतील."

कावळ्याने काहीतरी बोलायला चोच उघडली, पण गव्याने नुसते त्याच्याकडे पाहिले.

टिटवी लावरीच्या अंड्यांवर बसली. शेजारच्या गवतात तिची पिले लपून राहिली. लावरीने माती मळली, साच्यात भरली, काठावर आपले इवलेसे पाऊल उमटवले. शिंपला कोणता घ्यावा, हे सांगायला टिटवीची जीभ वळवळत होती, पण ती गप्प राहिली. शिंपला लावरीने स्वतः शोधून आणला. पाटी वाळताच लावरी अंड्यांवर परतली आणि टिटवी पिलांना घेऊन पुन्हा खडीत उतरली.

संध्याकाळी गवा वाटेवर थांबला. एका पाटीत खडा होता, तिच्या शेजारच्या पाटीत शिंपला होता. त्याने दोन्ही पाट्या वाचल्या, दोन्ही पावले ओळखली आणि कळपाला खडीही टाळून, उंचवटाही टाळून, करवंदीच्या जाळीमागच्या लांबच्या वाटेने पाण्यावर नेले.

तात्पर्य : जे बदलते त्याला बदलण्याची मोकळीक द्यावी, पण एकाच्या बदलत्या गोष्टीवर दुसऱ्याचे घर उभे करू नये, मग ते कितीही मायेने केलेले असो.