आकड्याचा धनी

एकदा एक शिष्य दूरदेशी संगणकविद्या शिकून आपल्या डोंगराळ तालुक्यात परतला. भातकापणीच्या दिवसांत तिथे सर्पदंश फार. कुठल्या आरोग्य केंद्रात सापाच्या विषावरची लस शिल्लक आहे हे कळेपर्यंत माणूस हातचा जाई. म्हणून शिष्याने एक वेब सेवा उभारली. प्रत्येक केंद्राने आपल्याकडच्या कुप्यांचा आकडा तिला कळवायचा, आणि ज्याला गरज असेल त्याने फोनवरून तिला विचारायचे. आकडा कळवणाऱ्याला सेवेने नाव विचारायचे नाही, पासवर्ड मागायचा नाही, हे त्याने अभिमानाने ठरवले होते. "प्राण वाचवणाऱ्या विद्येला कुलूप कसले?" असे तो सभांतून विचारी, आणि लोक टाळ्या वाजवत.

मग एका दुपारी भात कापताना एका बाईच्या पायाला घोणस डसली. सेवा म्हणाली, घाटाखालच्या केंद्रात लस आहे. तिच्या भावाने जीप तिकडे पिटाळली. तिथल्या फ्रीजमध्ये एकही कुपी नव्हती. जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचेपर्यंत बाईची शुद्ध हरपली.

भावाने शिष्याला फोन केला. "साहेब, तुमची सेवा म्हणते 'आहे', फ्रीज म्हणतो 'नाही'. आता बहिणीनं कोणाचं ऐकायचं?"

शिष्याने प्रत्येक केंद्राला विचारले, तो आकडा कोणी लिहिला. "आम्ही नाही बुवा," हेच उत्तर सगळीकडून आले. एक सिस्टर तर फणकारली, "आमच्यावर कशाला ढकलता? तुमच्या त्या पानावर कोणीही येतं, काहीही लिहून जातं." चूक कोणाच्या हातून झाली, मुद्दाम झाली की नजरचुकीने, हे सांगणारी एकही खूण सेवेजवळ नव्हती. उरलेले आकडे तरी खरे आहेत का? ज्यांच्या ओसरीवर तो गणित शिकला होता, त्या वृद्ध गुरुजींकडे शिष्य धावत गेला.

गुरुजी वाल सोलत बसले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"बाई कशी आहे?"

"अजून शुद्धीवर नाही, गुरुजी."

गुरुजींनी धोतराला हात पुसले. "तुझी ती सेवा माझ्या फोनवर उघडून दे."

त्याने उघडून दिली. म्हाताऱ्या बोटांनी सावकाश एकेका केंद्रापुढचा आकडा पुसला आणि तिथे शून्य लिहिले. शिष्य किंचाळायचाच बाकी राहिला.

"गुरुजी! हे काय केलंत?"

"मी? मी कुठे काय केलं?"

"माझ्या डोळ्यांदेखत केलंत!"

"तुझ्या डोळ्यांदेखत. पण तुझ्या सेवेला विचार, कोणी केलं ते."

शिष्याने पाहिले. आकडे बदलले, एवढेच सेवेला ठाऊक होते.

"आत्ता या क्षणी कोणाला साप चावला तर?" शिष्याने विचारले.

"तर ते केंद्राकेंद्राला फोन लावतील, तुझी सेवा नव्हती तेव्हा लावत होते तसे. शून्य दिसलं की माणूस चौकशी करतो. दहा दिसले की डोळे मिटून गाडी हाकतो. तुझ्या बेवारशी दहापेक्षा माझं शून्य बरं."

"म्हणजे कुलूपच घालू? सगळ्या केंद्रांना मिळून एक पासवर्ड देतो, आत्ताच."

"गावातल्या सगळ्या पोरांना एकच नाव ठेवलंस, तर हाकेला ओ कोण देईल?" गुरुजी हसले, मग गंभीर झाले. "हे बघ बाळ, विचारायला येणाऱ्याला दार उघडंच असू दे. ज्याचं माणूस मरणाच्या दारात आहे, त्याला नावगाव विचारू नये. पण सांगायला येणाऱ्याला मात्र विचार. दर खेपेला विचार. काल ओळख दिली म्हणून आज सोडू नकोस. ज्याचं त्याचं नाव, ज्याचा त्याचा पासवर्ड. आणि पासवर्ड ज्या वाटेनं जाईल ती वाट झाकलेली ठेव, नाहीतर मधेच कोणीही वाचील. तू याला कुलूप म्हणतोस म्हणून तुला लाज वाटते. अरे, आपल्याकडे सोयरीक आली तरी मुलगा कसा आहे हे नंतर, आधी विचारतात, 'सांगतंय कोण?' तो काय अविश्वास असतो? ज्या शब्दाला धनी नाही, त्याच्या भरवशावर जीव कसा टाकावा?"

शिष्य खाली मान घालून उठला. त्याने तिथेच ओसरीवर बसून काम सुरू केले. दिवस कलला तेव्हा सेवा नाव विचारू लागली होती. मधेच भावाचा निरोप आला: बहिणीने डोळे उघडले, पण डॉक्टर अजून काही बोलत नाहीत.

पहिला फोन त्याने घाटमाथ्यावरच्या केंद्राला लावला, तिथल्या सिस्टरना त्यांचा पासवर्ड दिला आणि आकडा भरायला सांगितले.

"चार लिहिते. चार असतील," त्या म्हणाल्या. मग थबकल्या. "अहो, हे आकड्याच्या शेजारी माझं नाव दिसणार?"

"हो, सिस्टर."

"मग थांबा जरा. फ्रीज उघडून बघते."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि चपलांचा आवाज दूर दूर गेला. शिष्य फोन कानाला लावून उभा राहिला. सेवेत त्याने फक्त नाव आणि पासवर्ड मागितला होता. फ्रीज उघडायला त्याने कोणालाच सांगितले नव्हते.