मदतनिधीचा फोटो

सकाळी साडेसातची वेळ. गावाबाहेरच्या मठाची ओसरी.

“तात्या, एवढा माज कशाचा असतो हो माणसाला?”

पायरीवर बसता बसताच शिरीष मुणगेकरने तोफ डागली. हा जिल्हा पत्रकार संघाचा अध्यक्ष. समोर तात्या उपळेकर. बातमी लिहायची कशी, हे त्याला तात्यांनीच कान पिळून शिकवलेलं. संपादकपद सोडल्यापासून ते या मठात राहत.

“कुणाचा माज?”

“पाचंगेचा. आपल्या संघातला बातमीदार, निवृत्ती पाचंगे. हृदयाची झडप बदलायचीय त्याची. सिव्हिलचे डॉक्टर सहज बोलून गेले म्हणून मला कळलं. तडक बैठक घेतली, संघाच्या निधीतून मदत मंजूर केली. रविवारी पालकमंत्र्यांच्या हस्ते चेक घ्यायचा, बस्स. तर फोनवर म्हणतो, नको!”

“मंत्र्यांच्या हस्ते...”

“देणगीदारांना दिसायला नको? पहिल्या पानावर फोटो जातो आपला. सगळं उघड हवं, ही तुमचीच शिकवण.”

तात्यांनी अंगणात आरतीला जमणाऱ्या माणसांकडे पाहिलं.

“तुमचं ऐकेल तो. सांगा त्याला. डॉक्टर म्हणतात, आता महिनाही घालवू नका...”

शिरीषचा आवाज चिरकला. खोटं नव्हतं त्यात काही. या निधीसाठी तो दारोदार फिरला होता, पेढीवाल्यांची बोलणी खाल्ली होती.

“खाऊन आलायस?”

“कुठलं! उठलो तो इकडेच.”

तात्या आत गेले. गरम भाकरी आणली, वर लोण्याचा गोळा. शिरीषने हात पुढे केला. भाकरी हाताला टेकली... पण तात्यांनी ती सोडली नाही.

“अहो मंडळी!” त्यांनी अंगणात हाक दिली. “जरा इकडे बघा! हे आमचे अध्यक्ष. उपाशीपोटी आलेत. मी यांना भाकरी देतोय!”

आरतीला जमलेली माणसं वळली. एकाने मोबाइल काढला.

“तात्या, काय हे!”

“हलू नकोस. भाकरी दिसली पाहिजे. आणि जरा हस की.”

शिरीषची कानशिलं तापली. त्याने झटक्यात हात मागे घेतला.

“का रे? भूक नव्हती?”

“...होती.”

“मग माज आला वाटतं.”

अंगणातली माणसं पुन्हा आरतीकडे वळली. तेव्हा कुठे तात्यांनी भाकरी मुकाट त्याच्या हातावर ठेवली आणि पाठ फिरवून बसले.

त्याने ती खाल्ली.

“रविवारचं रद्द करतो,” तो म्हणाला. “मंत्र्यांना काय सांगायचं ते मी बघतो. कार्यकारिणी ओरडली तर ओरडू दे. आजच त्याच्या घरी जातो, एकटा. चेक वहिनींच्या हातात देतो.”

तात्यांनी मान डोलावली.

शिरीष ताडकन उठला. चपला चढवल्या, गाडीला किल्ली लावली... आणि तसाच थांबला.

“तात्या... पाचंगे राहतो कुठे?”

तात्या त्याच्याकडे वळले.

“साठ बातमीदार आहात तुम्ही. दिवाळीपासून तो संघात फिरकला नाही. तो का येत नाही, हे विचारायला त्याच्या दारात कोण गेलं होतं?”