अळणी पहाटा

एकदा एक तांबट आपली घोंगडी परत करायला निघाला. आता एक घोंगडी परत करायला कुणी दोन दिवसांची वाट चालत जाते का, असे तुम्ही म्हणाल. पण ती पांघरायची घोंगडी नव्हती. बावीस वर्षांपूर्वी डोंगराच्या कुशीतल्या एका मठात त्याला ती आसन म्हणून मिळाली होती, आणि त्या मठाचा एक नियम होता. ज्याने साधना धरली त्याला ती सोडायची पूर्ण मुभा होती. फक्त सोडताना आसन स्वतःच्या हातांनी परत आणून द्यायचे. कुणाबरोबर धाडायचे नाही, माळ्यावर टाकायचे नाही. मठातल्या वृद्ध गुरूंना सगळे आबा म्हणत. आबांचे म्हणणे असे की, "धरलीस माझ्यासमोर, तर सोडही माझ्यासमोर. चोरून सोडलेली गोष्ट सुटत नाही."

तांबट त्या मठात प्रथम गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. तापट, उतावळा, बापाशी भांडून घराबाहेर पडलेला. आबांनी त्याला पाठ ताठ ठेवून बसायला शिकवले, श्वासाकडे बघायला शिकवले, आणि उरलेल्या वेळात विहिरीचे पाणी ओढायला लावले. वर्षभर गुडघेदुखीखेरीज त्याच्या पदरात काही पडले नाही. मग मार्गशीर्षातली एक पहाट आली. बकुळीखालच्या दगडावर तो बसला होता, बोटे थंडीने काकडली होती, आणि श्वास आपोआप इतका मंद झाला की तो चालू आहे की नाही हे कळेना. आत एक विलक्षण, स्वच्छ निवांतपणा पसरला. आपण कुठे संपतो आणि धुके कुठे सुरू होते याचे भान उरले नाही. डोळे उघडले तेव्हा गाल ओले होते आणि कोवळी उन्हे बकुळीच्या शेंड्यावर आली होती. त्याला वाटले, मिळाले! एवढ्यासाठीच माणूस जन्माला येतो.

पुढे वर्षभराने वडील वारले. तांबट घरी परतला, त्याने भट्टी पेटवली, हातोडा हाती घेतला. येसूशी लग्न झाले, मुलगी झाली. पहाटे बसण्याचा नेम मात्र त्याने सोडला नाही. धान्याच्या कणगीमागे कोपऱ्यात घोंगडी अंथरून तो रोज बसे आणि रोज वाट पाही. आज येईल, उद्या येईल. ती पहाट काही पुन्हा आली नाही. त्याऐवजी जे यायचे ते येई: डाव्या पायाला मुंग्या, कानाशी डास, कालच्या हंड्याची न जमलेली कड, मध्येच एखादी डुलकी. कधी आपण बसतो आणि सारे गाव घोरत पडते याचा अभिमान येई, मग त्या अभिमानाची लाज वाटे, आणि या दोघांचे भांडण मिटेपर्यंत उजाडे. जेवण बेचव लागले की माणूस लोणच्याची फोड घेतो, तसा तो उठण्यापूर्वी रोज त्या एका पहाटेची आठवण काढी आणि सुस्कारा टाकून कामाला लागे.

अशी वर्षे गेली. एके दिवशी गावातला कापडाचा व्यापारी मुलीच्या लग्नासाठी हंडे-घागरी सांगायला आला. मोठा सरळ मनुष्य. कामाचे बोलणे संपल्यावर तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "तुम्ही इतकी वर्षं पहाटे बसता म्हणे. मलाही फार मनातून वाटतं, आपण बसावं. एक विचारू का? काय मिळतं हो?"

तांबटाने तोंड उघडले आणि ते तसेच मिटले. त्या एका पहाटेचे सांगावे तर ती एकाच दिवसाची गोष्ट. बाकीच्या वर्षांचे काय सांगणार? व्यापाऱ्याने थोडी वाट पाहिली, मग भल्या माणसासारखा विषय बदलला आणि तो निघून गेला. त्या दिवशी हातोडा तांबटाच्या अंगठ्यावर बसला. बोट दुखत होतेच, पण त्याहून दुखत होता तो प्रश्न. रात्रीच्या जेवणाला त्याने येसूला सांगितले, "घोंगडी देऊन येतो. तिथं आता काही राहिलं नाही."

येसूने ताटात वाढता वाढता त्याच्याकडे पाहिले. "जाऊन या," ती म्हणाली. "पण रागानं देऊ नका."

तो मठात पोचला तेव्हा आबा ओसरीवर चिंचा फोडत बसले होते. नव्वदीला टेकलेला देह, नजर अधू झालेली. तांबटाने पायांवर डोके ठेवले आणि विचारले, "आबा, ओळखलंत?"

"तू अंगणातनं चालत आलास तेव्हाच ओळखलं. राघो ना? अजून डावीकडं कलतोस."

तांबटाला गलबलून आले. पण ठरवून आलेले बोलणे त्याने बोलून टाकले. ती पहाट, तिची इतकी वर्षे पाहिलेली वाट, व्यापाऱ्याचा प्रश्न, सगळे. मग घोंगडी पुढे ठेवली. आबांनी ती हातांनी चाचपली, जिथे गुडघे टेकून टेकून लोकर विरली होती त्या दोन जागांवरून बोटे फिरवली. काठी टेकत उठले, गोठ्यात गेले, आणि दोन दिवसांपूर्वी जन्मलेले एक वासरू थंडीने कुडकुडत होते त्याच्या अंगावर ती घोंगडी घालून आले.

तांबट पाहतच राहिला. सोडायला आला होता खरा, पण आपल्या आसनाची अशी वाट लागेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हते.

"आता आठ दिवस राहा," आबा म्हणाले. "एकच अट. या आठ दिवसांत बसायचं नाही. मांडी घालून डोळे मिटायचे नाहीत, श्वास बघायचा नाही. चुकूनसुद्धा नाही."

"आबा, मी सोडायलाच आलोय. मला कशाला मनाई?"

"सोडणं सोपं वाटलं होय तुला? नीट सोड. अर्धवट सोडलेलं दुखणं परत उलटतं."

पहिल्या दिवशी तांबट सूर्य वर येईपर्यंत झोपला आणि उठला तो मोठ्या मजेत. जुन्या जागा पाहत हिंडला. विहिरीचा रहाट तोच होता. त्याच्या कुरकुरण्याने त्याला आपले एकोणीस वर्षांचे खांदे आठवले. ज्या खोलीत सहा जण दाटीवाटीने झोपत आणि एकमेकांच्या घोरण्यावरून सकाळी भांडत, तिथे आता शेणी रचल्या होत्या. त्या सहांतले दोघे वारलेही होते. बकुळ मात्र दुप्पट झाली होती. तिच्याखालच्या दगडावर तो पाय सोडून बसला आणि त्याला फार वाईट वाटले. दिवस कसे गेले आणि आपण कुठे राहिलो, असे काहीसे ते वाईट वाटणे होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे ठरल्या वेळेला त्याला जाग आली. अंथरुणावर उठून बसताच पाय आपोआप दुमडले. अट आठवून त्याने ते सरळ केले. पुन्हा दुमडले, पुन्हा सरळ केले. अखेर चिडून तो बाहेर जाऊन येरझारा घालू लागला. दिवसभर मन थाऱ्यावर नव्हते. दुपारी मठात रांधणाऱ्या भागाबाईंनी ताट वाढले, भाकरी एका बाजूने करपली होती. तांबट ताडकन म्हणाला, "ही भाकरी म्हणायची की तव्याचा तुकडा?"

म्हातारी ओशाळली. "दिसत न्हाई रं बाबा आताशा. दुसरी टाकते," म्हणून तिने ती भाकरी स्वतःच्या ताटात घेतली. नवी भाकरी चांगली टम्म फुगलेली आली. तांबटाच्या घशाखाली ती उतरेना. असे खेकसून बोलल्याला त्याला किती वर्षे झाली होती, ते त्याला आठवेना.

तिसऱ्या पहाटे तो जागा झाला आणि तसाच पडून राहिला. करमेना, म्हणून नेहमीप्रमाणे त्याने ती मार्गशीर्षातली पहाट आठवायला घेतली. आणि काय आश्चर्य, ती काही केल्या येईना! धुके आठवत होते, बकुळ आठवत होती, पण चव नव्हती. आले ते भलतेच. कणगीमागचा तो कोपरा आला. ओल्या राखेचा वास, स्वयंपाकघरात येसू ताक घुसळते त्या रवीचा घुमणारा आवाज. डाव्या पायाच्या मुंग्या. मुलगी रांगती असताना एकदा ती अंधारात चाचपडत आली आणि त्याच्या मांडीत शिरून झोपली, आणि ती जागी होऊ नये म्हणून त्याने तासभर अगदी सावकाश श्वास घेतला, ती पहाट. भट्टीचे छप्पर जळाले त्याच्या दुसऱ्या दिवसाची पहाट, जेव्हा कुठे जावे ते कळत नव्हते म्हणून तो नुसता जाऊन घोंगडीवर बसला होता. आणि कितीतरी अशा, ज्यांत काहीच घडले नव्हते. मन पळाले होते, त्याने ते परत आणले होते, ते पुन्हा पळाले होते, एवढेच. त्या सगळ्या अळणी पहाटा रांगेने आल्या, आणि तांबटाला त्यांची अशी ओढ लागली की तो उशीत तोंड खुपसून रडला.

उजाडताच तो आबांसमोर जाऊन बसला. "आबा, मला घरी जायचंय."

"आठ दिवस कुठं झाले?"

"मला त्या जुन्या पहाटेची आठवण येत नाही आता. परवा-तेरवापर्यंत ज्यांना मी कंटाळलो होतो ना, त्यांची येते." त्याने डोळे पुसले. "तुम्हाला ती पहाट पुन्हा कधी आली, आबा? तेवढं सांगा."

आबा हसले. तोंडात दात एकही नव्हता, त्यामुळे ते हसू लहान मुलासारखे दिसले. "मला ती आलीच नाही, राघो."

"कधीच नाही?"

"एकदाही नाही. माझ्या गुरूंना आली होती, ते सांगायचे, आणि मी मनातून जळायचो. मग एक दिवस तू बकुळीखालून आलास, गाल ओले, डोळे हे एवढे. खरं सांगतो, मला तुझा हेवा वाटला. आणि पाठोपाठ भीतीही वाटली. म्हटलं, या पोराला पहिलाच घास गोड लागला; आता याला पुढची सगळी जेवणं अळणी लागणार."

ज्यांना तो त्या आनंदाचे धनी समजत आला, ते सत्तर वर्षे त्याच्यासारखेच मुंग्या आलेल्या पायांनी बसत होते.

आबा म्हणाले, "तू हंडे घडवतोस. हजारो ठोके पडतात तेव्हा हंडा होतो. त्यातला एक ठोका तुझ्या कानाला फार गोड लागला, आणि तेव्हापासून तू हातातल्या हंड्याकडं बघायचं सोडून तो नाद परत येतो का ते ऐकत बसलास. हात मात्र चालूच होते, हे तुझं भाग्य. हंडा घडत राहिला. तू पहिल्यांदा इथं आलास तेव्हा रोज कुणाशी ना कुणाशी तुझं वाजायचं, आणि तुला त्यावर छान झोप लागायची. काल भागाबाईला एक शब्द बोललास तर तुला जेवण गेलं नाही. हे कुणी केलं? त्या एका पहाटेनं? ती तर एकटीच होती. साधकाला आळस अडवतो, शंका अडवते, ते सगळे सांगतात. पण आठवणीतलं सुख जेवढं अडवतं तेवढं कुणी अडवत नाही, कारण त्याला कुणी शत्रू समजत नाही."

गोठ्यात वासरू हंबरले.

"त्या व्यापाऱ्याला काय सांगू?" तांबटाने विचारले.

"सांग, मला नीट सांगता येत नाही म्हणून. आणि शेजारी बसायला जागा दे."

तांबट उठला. पाया पडला. भागाबाईंच्याही पाया पडला, म्हातारी गडबडून म्हणाली, "अरं, मला कशाला?" गोठ्याकडे त्याची नजर गेलेली पाहून आबा म्हणाले, "ती राहू दे त्याच्या अंगावर. थंडी आहे अजून."

"राहू दे," तांबट म्हणाला.

"एवढी घाई करून घरी जाऊन करणार काय?"

"बसणार."

"ती पहाट आली नाही तर?"

"आबा, मला ह्या बाकीच्या पाहायच्यात," तो म्हणाला आणि उतरणीला लागला.

रात्र त्याने वाटेवरच्या एका धर्मशाळेत काढली. पहाटे जाग आली तेव्हा घर अजून दिवसभराच्या वाटेवर होते. बसायला घर येईपर्यंत वाट पाहायची नाही, असे त्याने ठरवले. धर्मशाळेसमोर विहिरीचा ओटा होता, दगड गार होता, त्यावर उपरणे टाकून त्याने मांडी घातली. रस्त्याने बैलगाड्या बाजाराला चालल्या होत्या. एका गाडीवानाने गाडी हळू केली आणि विचारले, "काय पाव्हणं, दमलात काय? चला, बसा गाडीत."

"दमलो नाही," तांबट म्हणाला. "बसलोय जरासा."

"मग बसा निवांत," म्हणून गाडीवान पुढे गेला. थोड्या वेळाने डाव्या पायाला मुंग्या आल्या. मन एकदा भट्टीकडे गेले, एकदा त्या गाडीवानामागे गेले, आणि प्रत्येक वेळी तांबटाने त्याला न रागावता परत बोलावले. विशेष असे काही घडले नाही. उजाडल्यावर तो उठला, पाय झटकले आणि घराच्या वाटेला लागला.