खड्ड्याची मूठ

हरणाबाईवर कुणी विश्वास ठेवला नाही. नवऱ्यानं ठेवला नाही, पाटलानं ठेवला नाही, ज्यांची पोरं अंथरुणाला खिळली होती त्या बायांनीसुद्धा ठेवला नाही. आज तिच्या नावानं नारळ फोडतात. तेव्हा तिच्या तोंडावर हसत होते, हे आधी ऐकून ठेवा.

उंबराईच्या बारवेवर लोखंडी रहाट बसायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. उंबरगव्हाण गाव उतारावर. वर माळ, माळावर मोलमजुरी करणाऱ्यांची घरं. खाली ओढ्याकाठी उंबराईचं देऊळ, देवळापुढं पायऱ्यांची बारव, आणि तिच्या पाण्यावर अख्खं खालचं गाव. हरणाबाई ही त्या देवळातल्या गुरवाची बायको.

असं म्हणतात, की त्या गावाला एक चांगली रीत होती. मळणी झाली की दाणे घरी न्यायच्या आधी प्रत्येकानं देवीच्या कणगीत एक मूठ टाकायची. तिला आडमूठ म्हणत. त्या धान्यावर वडार लावायचे आणि ज्याची ऐपत नाही त्याच्या अंगणात आड खणून द्यायचा. कणगीचं झाकण गुरवाच्या हातात. असे माळावर घरोघरी आड झाले. ज्या बाया हंडे घेऊन माळ चढताना धापा टाकायच्या, त्या दारातच पोहरा सोडू लागल्या. लोक गुरवाला पुण्यवान म्हणू लागले, आणि गुरवाला ते फार आवडू लागलं.

पण पोटात गेलेलं कधीतरी बाहेर पडतंच. ते कुठं पडणार, हे कुणी विचारलं नाही. माळाभोवतीच्या रानांना कुंपणं आली, झुडपांत लांडगे वाढले, बायांना आडोशाला जायला जागा उरली नाही. मग ज्याला जमेल तसा त्यानं घरामागं खड्डा खणला, वर दोन फळ्या टाकल्या, भोवती तट्ट्या उभ्या केल्या. अंगणं ती केवढीशी. पुढं आड, मागं खड्डा, आणि वरच्या घराचा खड्डा खालच्या घराच्या आडाला टेकलेला. दगड नाही, चुना नाही. जमीन मुरमाची, चाळणीसारखी.

हरणाबाईची लेक चांगुणा माळावरच दिली होती. तिचा थोरला हगवणीनं गेला. मग धाकटी ठमी पडली. हरणाबाईनं आडाचं पाणी ओंजळीत घेतलं, नाकाशी नेलं आणि टाकून दिलं.

"चांगुणे, ह्याला वास येतोय."

"आई, तुला आताशा सगळ्यालाच वास येतो," लेक म्हणाली. "देवीच्या दाण्याचा आड आहे. तो नासेल कसा?"

हरणाबाईनं नातीला कडेवर घेतलं आणि खाली देवळात आणलं. देवीचं पाणी पोटात गेलं की उठेल पोर. तिला बारवेचं पाणी पाजलं, आणि पोर उठायच्या ऐवजी पाचोळ्यासारखी सुकत गेली. तेव्हा हरणाबाई बारवेच्या पायरीवर बसली आणि वर माळाकडं बघत राहिली. वरचं सगळं खालीच येतं. एवढं तिच्या ध्यानात आलं. त्या दिवसापासून ती ठमीपुरतं पाणी ओढ्यापलीकडच्या झऱ्यावरून आणू लागली.

मग ती नवऱ्यापुढं उभी राहिली. "अहो, कणगी उघडा. आड दिलेत तसे खड्डेही द्या. दगडाचे, चुन्यात बांधलेले, आडापासून लांब."

"देवीच्या दाण्यातून हागायची सोय करू?" गुरव म्हणाला.

"प्यायची केलीत ना? मग पुढचं कुणी करायचं?"

"तोंड आवर. ह्या कणगीतला एक दाणा घाणीला जाणार नाही. माझा शब्द आहे."

पाटील पारावर बसला होता. तो म्हणाला, "गुरवीणबाई, खड्डा बांधून झाला की नैवेद्य कुठं ठेवायचा, तेही सांगून ठेवा." पार हसला. माळावरची माणसंही हसली, कारण पाटील हसला होता.

हरणाबाई रंगाऱ्याकडं गेली. लुगडी बुडवायचा लाल रंगाचा अख्खा रांजण तिनं माळावर नेला आणि लेकीच्या खड्ड्यात उपडा केला. मागून घागरीवर घागरी पाणी ओतलं. चांगुणा कपाळाला हात लावून बघत राहिली. असं म्हणतात, की तो रंग मुरमातून आपली वाट विचारत विचारत खाली उतरला.

उंबराईच्या उत्सवाची सकाळ झाली. त्या देवळाची रीत जगावेगळी. आधी माणसांना तीर्थ, मग देवीला न्हाऊ, कारण आई लेकरांच्या मागून जेवते. हरणाबाई दारात आडवी उभी राहिली. "आज तीर्थ घेऊ नका," ती म्हणत होती. लोक तिच्या बाजूनं आत गेले. तीर्थाचं पाणी गुरवानं पहाटेच्या अंधारातच बारवेतून भरून आणलं होतं. गाभाऱ्यातही अंधार, कलश तांब्याचा, रंग कुणाला दिसणार? पाटलानं तीर्थ घेतलं, पाटलीणबाईनं घेतलं, म्हाताऱ्यांनी उरलेले थेंब डोळ्यांना लावले. मग गुरवानं कलश देवीवर ओतला. देवीच्या अंगावर न्हाणाचं पांढरं पातळ होतं.

ते लालभडक झालं.

कुणी ओरडलं नाही. ओरडायला तोंड उघडावं तर तोंडात तेच पाणी. गुरवाच्या हातून कलश पडला आणि गडगडत दारापर्यंत आला.

"कोप झाला," पाटील पुटपुटला. "बारवेत काय टाकलं? कुणी टाकलं?"

"बारवेत काही टाकलं नाही," हरणाबाई म्हणाली. "रंग मी ओतला. माळावर, माझ्या लेकीच्या खड्ड्यात."

हे कळायला माणसांना वेळ लागला. मग एकेक जण बाहेर पळाला आणि ओकू लागला.

तोंड पुसून पाटील माळावरच्या लोकांकडं वळला. "ह्यांचं पाप आहे. खड्डे ह्यांनी खणले."

"हातांनी उकरले त्यांनी," हरणाबाई म्हणाली. "भरल्या कणगीवर झाकण धरून कोण बसलं होतं?"

"नाव सांग," पाटील म्हणाला.

त्या काळी बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणत. सगळ्यांना वाटलं, आता ही गप्प बसेल. हरणाबाईनं ठमीकडं बघितलं, खांबाला धरून उभी होती पोर. मग तिनं नवऱ्याच्या डोळ्यांत बघितलं आणि त्याचं नाव घेतलं, मोठ्यानं, घराण्यासकट.

असं म्हणतात, की त्याच क्षणी कणगी फुटली, आणि दाणे उताराला खाली न जाता वर माळाकडं धावले. गुरव त्यांच्या मागं माळ चढला. पहिल्या खड्ड्याचा पहिला दगड त्यानंच वाहिला, तरी गावानं त्याला माफ केलं नाही.

ठमी जगली. तिच्या नातवंडांची नातवंडं आज गावात आहेत.

उंबरगव्हाणात अजून मळणीला दोन मुठी टाकतात, एक आडाची, एक खड्ड्याची. माळावर कुणी नवं घर बांधलं की आधी त्याचा पक्का खड्डा बांधून देतात, आणि मगच आडाला पहार लागते. खड्ड्याची मूठ बाईनंच टाकायची. घरातली थोरली विचारते, "ही मूठ कुणाच्या पापाची?" आणि लग्नात उखाण्यातसुद्धा नवऱ्याचं नाव घेताना अडखळणारी नवी सून मूठ सोडते आणि न लाजता म्हणते, सिदराम गुरव.