अकरा जणांच्या घराचा धनी

“उद्या जेवणवेळेला मी स्वतः येतो. ज्याने नुसतं डोकं वर काढलं तरी अकराही जण मुकाट्याने उठतात, असा धनी मला तुमच्या घरात दाखव. नाही दाखवलास, तर घर रिकामं करा. तिथे माझा हत्ती बांधेन!”

राजा धैर्यसेनाने सगुणा विणकरणीला बोलावून भर दरबारात सुनावलं. तिचा माग त्याच घरात होता, आणि जिवाभावाची माणसंही तिथेच.

राजाचं चिडणंही साहजिक होतं. राजपुत्राच्या लग्नाच्या अक्षता घेऊन जासूद हणमंता त्या घरी गेला होता. अक्षता द्यायच्या त्या घरच्या धन्याच्याच हातात, असा रिवाज. पण इथे विणकर, कासार, लोहार मिळून अकरा जण एका चुलीवर जेवत आणि धनी कुणीच नव्हता! आमटीत मीठ किती, हेसुद्धा सभा घेऊन ठरे. अक्षता कुणी घ्यायच्या यावर सभा बसली, ती तीन दिवस उठेना. हणमंता तिथेच जेवला. जेवला म्हणून त्याला भांडी घासायची पाळीही लागली! शेवटी राखेने माखलेले हात घेऊन तो परतला, अक्षता तशाच.

सगुणाने घरी येऊन हुकूम सांगितला.

“एक दिवसापुरता मी होतो धनी,” भिवबा कासार म्हणाला.

“तू? तुझं तर तुझ्या बांगड्यासुद्धा ऐकत नाहीत!” लोहारीण कडाडली.

“मग सभा घेऊ!”

“घ्या!”

सगुणा मात्र चुलीकडे बघत राहिली. मग गालात हसली.

दुसऱ्या दिवशी राजा आला, पाटावर बसला. मागे हणमंता हात पाठीशी लपवून उभा. समोर अकरा जणांची सभा रंगलेली. महाराजांना आधी पोळी वाढायची की भात?

“कुठे आहे तुमचा धनी?” राजा गरजला.

“स्वयंपाकघरातच आहेत, महाराज,” सगुणा चुलीत लाकूड सारून सभेत येऊन बसत म्हणाली. “जरा दम धरा.”

“राजाला थांबायला लावतो? एवढा माज?”

“पोळी!” “भात!” “अहो, मत मोजा!” “भिवबाने दोनदा हात वर केला!”

तेवढ्यात चुलीवरच्या पातेल्यात सुर्रर्र झालं.

“दूध!!”

अकराही जण उठले. पाट उडाले, पाण्याचा तांब्या लवंडला, भिवबा लोहारणीवर आदळला. पण सगळ्यांच्या आधी चुलीपाशी पोचला तो राजा! खांद्यावरच्या जरीच्या शेल्यानेच त्याने पातेलं धरलं, खाली उतरवलं आणि फुंकर घालत ओरडला, “लक्ष कुठे असतं तुमचं? आत्ता उतू गेलं असतं!”

सगुणाने हात जोडले. “महाराज, हेच आमचे धनी.”

“कोण?”

“दूध. इथे कुणी कुणाच्या वर नाही, कुणी कुणाच्या खाली नाही. पण यांनी डोकं वर काढलं की सभा बंद, भांडण बंद, अकराही जण हजर!”

“हा धनी?” राजाच्या भुवया वर गेल्या. “हा कसला धनी?”

“तुम्ही का उठलात, महाराज?”

राजाने समोरच्या पातेल्याकडे पाहिलं. साय लागलेल्या शेल्याकडे पाहिलं. आणि असा हसत सुटला की मुकुट घसरून नाकावर आला!

“हणमंता, अक्षता आण!” त्याने नारळ आणि अक्षता पातेल्यापुढे ठेवल्या आणि वाकून म्हणाला, “धनी, लग्नाला सहकुटुंब यायचं हं! अकराही जणांना आणा. आणि सगुणा, हे घर आता कायमचं तुम्हा सगळ्यांचं. शिवाय उद्या एक दुभती म्हैस पाठवतो. धन्यांच्या मातोश्री म्हणून मान राखा!”

“पण म्हशीचं शेण कोण काढणार?” भिवबाने डोकं खाजवलं. “बसा, सभा घेऊ!”

हणमंताने ते ऐकलं मात्र, राजाच्याही आधी तो दाराबाहेर पळाला!