टाकीमागचा आरसा

“आणि हाताने कधी भरवता, बाई?”

नाबर बाई ओसरीवर कुळीथ निवडत होत्या. त्यांनी सुपातून मान वर केली नाही.

“हात गुंतलेत गो,” त्या म्हणाल्या.

शाल्मलीला वाटलं, बाई थट्टा करताहेत. मग तिने टाकीकडे पाहिलं... आणि तिच्या लक्षात आलं की ही थट्टा नव्हे.

ऑस्ट्रेलियात शिकत असताना तिने या घराचं एक चित्र मनाशी रंगवलं होतं. वेंगुर्ल्याच्या बंदराजवळचं कौलारू घर, समुद्राच्या पाण्याने भरलेली काचेची टाकी, आणि तिच्यापुढे बसून प्रवाळांच्या एकेका तोंडात घास देणाऱ्या, प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेत सगळं बटणावर चालायचं. एखादं प्रवाळ मेलं तरी आधी पडद्यावरची रेघ खाली यायची, मग कुणीतरी टाकीकडे जायचं. ती तिथल्या सरांना सांगायची, “आमच्याकडे एक बाई आहेत. त्या हाताने भरवतात.” या एका ऐकीव वाक्याच्या जोरावर तिने तिथली नोकरी नाकारली आणि वेंगुर्ल्यात मावशीच्या घरी येऊन बाडबिस्तरा टाकला.

घर कौलारू होतं. टाकीही होती. पण टाकीला नळ्या लावलेल्या होत्या, दवाखान्यात आजाऱ्याला लावतात तशा. शेजारी छोटा फ्रिज, फ्रिजमध्ये खाद्याची बाटली. ठरलेली वेळ झाली की पंप घुर्र करायचा आणि बाटलीतलं खाद्य थेंबथेंब टाकीत उतरायचं. दुसरा पंप जुनं पाणी बाहेर ओढायचा, तिसरा ताजं आत सोडायचा. बाई तेव्हा रेडिओ ऐकत असायच्या.

टाकीलगत भिंतीवर खिळ्याला एक छोटा आरसा टांगलेला होता. त्या सगळ्या नळ्यांच्या पसाऱ्यात घरातली म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू.

“चहा घेतेस ना? मग आत ये,” बाई म्हणाल्या. “इथे कुणाला जागेवर मिळत नाही.”

“नको मला,” शाल्मली म्हणाली.

बाईंनी आग्रह केला नाही.

बहुतेक प्रवाळं अंगात सूक्ष्म शैवाल बाळगतात. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि प्रवाळ आयतं जेवतं. बाईंकडची प्रवाळं तशी नव्हती. बंदरातला एक जुना तरंगता बोया खरवडला तेव्हा त्याच्या बुडाला ती चिकटलेली निघाली, आणि बाईंनी रीतसर परवानगी काढून ती घरी आणून टाकीतल्या खडकावर बसवली. नारिंगी झुबके, आणि एकेक झुबका म्हणजे एकमेकांना बिलगलेल्या तोंडांची वसाहत. ऊन त्यांच्या काही कामाचं नाही. तोंडात पडेल तेच त्यांचं. पडलं नाही, तर ती महिनोन्महिने आक्रसत जातात, आणि त्याचा आवाज होत नाही.

शाल्मलीला हे सगळं पाठ होतं. म्हणूनच तिला राहवेना.

“इतके परावलंबी जीव, बाई. आणि तुम्ही त्यांना यंत्राच्या हवाली केलंत?”

“केलं.”

“माणसाने मायेने दिलेला घास आणि पंपाने सोडलेला थेंब... एकच का?”

“एकच कसे असतील?”

“मग?”

बाईंनी सूप खाली ठेवलं. उठल्या, आणि खाद्याच्या पंपाचं बटण बंद केलं.

घुरघुर थांबली.

“भरव,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा कुळीथ निवडायला बसल्या.

त्या दिवसापासून शाल्मली रोज बाजारातून ताजी कोळंबी आणू लागली. मासेवाली तिला चिडवायची, “काय गो बाय, रोज रोज कोळंबी? पावणे इलेत काय घराक?”

“आलेत ना,” शाल्मली म्हणायची. “सगळी तोंडं उघडूनच बसलीयेत.”

दिवेलागणीला ती टाकीपाशी यायची. वाकलं की केसांची बट पाण्यात पडायची, म्हणून खिळ्यावरच्या आरशात बघून केस घट्ट बांधायची. मग कोळंबी बारीक चिरून तिचं पाणी थेंबभर टाकीत सोडायची आणि थांबायची. वास पोचला की नारिंगी गोळे हळूच फुलायचे, पिवळ्या बोटांनी चाचपायला लागायचे. मग लांब काचेच्या नळीने एकेका तोंडात एकेक कण. टाकीत शंखातला एक खेकडा होता, तो दिलेला घास तोंडातून ओढून न्यायचा. त्याच्यासाठी तिने प्लॅस्टिकची बाटली अर्धी कापली होती. झुबक्याला भरवून झालं की ती वर उपडी घालायची, गिळून होईपर्यंत.

“राणीसरकार, आज भूक दिसतेय,” ती अगदी पुढच्या झुबक्याला म्हणायची. तो सगळ्यात आधी फुलायचा, आणि सगळ्यात जास्त.

बाई आतून हसायच्या. “सरकारांना पचेल एवढंच दे हो.”

पाऊस सरत आला तसा राणीसरकारांच्या बुडाशी नवे बारके कोंब दिसू लागले. शेजारचे झुबकेही गलेलठ्ठ झाले. यंत्राच्या राज्यात हे कधी झालं नव्हतं. बाईंनीच तसं सांगितलं.

गणपती आटोपले की बाई कायमच्या बेळगावला मुलाकडे जाणार होत्या. मुलाचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, समुद्र लांब. टाकी कुणाकडे द्यायची हे त्यांनी ठरवलं नव्हतं. लांबच्या एका कॉलेजातून विचारणा झाली होती, तिला त्यांनी हो म्हटलं नव्हतं की नाही म्हटलं नव्हतं. शाल्मलीला मात्र आता दुसरं काही सुचत नव्हतं. मावशीच्या मागच्या खोलीत टाकी कुठे बसेल तेही तिने पाहून ठेवलं होतं.

एका संध्याकाळी भरवून झाल्यावर तिने हात पुसले.

“बाई, तुम्ही निघालात की टाकी माझ्याकडे द्याल ना?”

बाई टाकीपुढे येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ पुढचे झुबके बघत राहिल्या. त्यांचा चेहरा खरोखर उजळला होता.

“छान पोसलीस गो,” त्या म्हणाल्या. “आणि मागची कशी आहे?”

“मागची कोण?”

बाईंनी खिळ्यावरचा आरसा काढला, भिंत आणि टाकी यांच्यामधल्या फटीत सरकवला, जरासा तिरका केला.

आरशात खडकाची पाठ दिसली.

तिथेही एक झुबका होता. त्याचा नारिंगी रंग उतरून गेला होता. तोंडं मिटलेली. दोन तोंडांच्या मधलं मांस ओसरलं होतं आणि आतला पांढरा सांगाडा वर आला होता.

शाल्मलीचा हात नकळत केसांकडे गेला, आणि तिथेच थांबला.

“सुरुवातीला मी मागे नळी घातली होती,” ती म्हणाली. “खरंच घातली होती, बाई. तिने तोंडच उघडलं नाही. मग ती लक्षातून गेली.”

“नसेल उघडलं.”

“मिटलेल्या तोंडावर घास ठेवला तर तो तिथेच कुजतो.”

“कुजतो.”

“उघडलं असतं तर दिलं असतं मी. इतरांना दिलं तसंच दिलं असतं.”

“दिलं असतंस,” बाई म्हणाल्या. “मला ठाऊक आहे.”

“मग ती का नाही उघडली?”

“उपाशी होती.”

“आणि उपाशी का राहिली?”

“उघडली नाही.”

शाल्मली आरशात बघत राहिली.

“तुम्हाला दिसत होतं. मग बोलला का नाहीत?”

“बोलले असते तर दुसऱ्या दिवसापासून तू तिलाच भरवत बसली असतीस. मग तुझ्या राणीसरकार उपाशी.” त्यांनी आरशाकडे बोट केलं. “तग आहे अजून तिच्यात. मी बघतेय.”

“पंप असताना ती कशी जगली मग?”

“पंपाला दिसत नाही गो, कोण उघडलंय ते. तो सगळीकडे सोडतो.”

बाई हात मागे बांधून उभ्या होत्या.

“आधी मीही हातानेच भरवायचे,” त्या म्हणाल्या. “तू ऐकलंस ते खोटं नव्हे. माझ्या हाताला आवडनिवड फार होती.”

एवढं बोलून त्या भात टाकायला आत गेल्या. आरसा त्यांनी फटीतच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई माजघरातून बाहेर आल्या तेव्हा पंप घुर्र करत होता.

शाल्मली टाकीच्या कडेला जमिनीवर बसली होती. केस कसेतरी गुंडाळलेले. एक हात टाकीत खांद्यापर्यंत बुडलेला, काचेची नळी खडकाच्या पाठीशी धरलेली, आणि नजर आरशावर.

“बटण कुणी लावलं?”

“मी.”

“मग नळी कशाला?”

“नुसतं कोळंबीचं पाणी आहे. वास पोचावा म्हणून. पंपाचं पोचतंच, पण तिला जरा जवळून.”

“ती आज उघडायची नाही.”

“माहीत आहे.”

“उद्याही नाही, कदाचित.”

“हं.”

बाई तिच्याशेजारी जमिनीवर टेकल्या. दोघी आरशात बघत राहिल्या. मिटलेला झुबका मिटलेलाच होता. पुढच्या बाजूला राणीसरकार पंपाच्या थेंबांवर फुलल्या होत्या, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. शंखातला खेकडा तेवढा काचेवरून तुरुतुरु चालत गेला.

“बाई.”

“बोल.”

“काल मी टाकी मागितली. ते राहू दे.”

“बरं.”

“तुम्ही जाईपर्यंत रोज येईन. मग ही ज्यांच्याकडे जाईल, त्यांच्या दारात जाऊन उभी राहीन. लांब असलं तरी. त्यांनी आत घेतलं, तर हिच्या मागे बसेन.”

“आणि नाही घेतलं तर?”

“तर पुन्हा जाईन.”

स्वयंपाकघरात बाईंनी ठेवलेलं चहाचं पाणी उकळायला लागल्याचा आवाज आला. सवयीने शाल्मलीने हात बाहेर काढला, आणि ती आत जायला उठू लागली.

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि त्याच खांद्याचा आधार घेऊन स्वतः उठल्या.

“जागेवर बस,” त्या म्हणाल्या. “चहा आणते.”